आरोग्य-प्रश्नावली माणसामाणसांत फरक करते का, हे कसे मोजावे

आरोग्य-प्रश्नावली पारखताना बहुतेक जण क्रॉनबॅकच्या अल्फापाशी, म्हणजे प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणाऱ्या आकड्यापाशी, थांबतात. परंतु ती दोन माणसांना वेगवेगळे ओळखते का, याचे उत्तर अल्फाकडे नसते. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ फर्ग्युसन यांनी १९४९ साली मांडलेला डेल्टा काढावा.

समजा, चार ‘हो-नाही’ प्रश्न १०० जणांना विचारले. गुण ० ते ४ असे पाच, आणि माणसांच्या जोड्या ४,९५०. ज्या जोडीतील दोघांचे गुण सारखे आले, ते दोघे प्रश्नावलीच्या लेखी एकच. प्रत्येक गुणावर २० जण आले, तर ४,००० जोड्या वेगळ्या पडतात आणि पाच गुणांत याहून जास्त पडूच शकत नाहीत. प्रत्यक्षात वेगळ्या पडलेल्या जोड्यांना या कमाल संख्येने भागले की डेल्टा मिळतो.

जोड्या हाताने मोजाव्या लागत नाहीत. एकूण माणसांच्या संख्येचा वर्ग करावा (संख्येला तिनेच गुणावे), त्यातून प्रत्येक गुणावरील माणसांच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज वजा करून उरलेल्याचे निम्मे करावे. गुणांची वाटणी १०, २०, ४०, २०, १० अशी असेल, तर ३,७०० जोड्या आणि डेल्टा ०.९२५ येतो. मात्र ८० जण शून्यावर आणि प्रत्येकी ५ जण उरलेल्या गुणांवर असतील, तर जोड्या १,७५० आणि डेल्टा केवळ ०.४४ भरतो. ०.९० च्या वरचा डेल्टा सहसा चांगला मानतात.

आता चारही प्रश्न एकच गोष्ट फिरवून विचारणारे आहेत असे धरा: ५० जण चारहींना ‘हो’ म्हणतात, ५० जण चारहींना ‘नाही’. अल्फा १ येतो, डेल्टा मात्र ०.६२५. अल्फाच्या मोहाने एकसारखे प्रश्न भरू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन, ते यासाठी.

डेल्टा ज्या नमुन्यावर काढला त्याच्यासह सांगावा, कारण निरोगी वस्तीत शून्यावर गर्दी करणारी प्रश्नावली दवाखान्यात उत्तम चालू शकते.

तरीही गुण वेगळे आले म्हणजे माणसे खरोखर वेगळी आहेत, असे नव्हे. बेफिकिरीने भरलेल्या उत्तरांनीही डेल्टा वाढू शकतो. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्यांकडून तीच प्रश्नावली सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावी आणि विश्वसनीयता, म्हणजे दोन्ही वेळचे गुण किती जुळतात हे सांगणारा ० ते १ मधला आकडा, काढावी. ती १ मधून वजा करून वर्गमूळ घ्यावे व प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याच्या मापाने) गुणावे. ही मापनाची प्रमाण त्रुटी होय. नैराश्यासाठीच्या ० ते २७ गुणांच्या पीएचक्यू-९ मध्ये प्रमाण विचलन ५ आणि विश्वसनीयता ०.८४ आली असे मानल्यास त्रुटी २ गुणांची ठरते, आणि दोन व्यक्तींतील फरक ९५ टक्के खात्रीने सांगण्यासाठी सुमारे ५.५ गुणांचे अंतर लागते. एकाला ९ व दुसऱ्याला १२ गुण मिळाले आणि १० ची प्रचलित सीमारेषा दोघांच्या मधून गेली, तरी एवढ्यावरून एकाला आजारी व दुसऱ्याला निरोगी म्हणू नये. दोघांचीही मुलाखत घ्यावी.