गावच्या राखणदाराची नोंद कशी ठेवावी

गोव्यातील जवळजवळ प्रत्येक गावात एखादा वड, एखादा बांध किंवा एखादे ओसाड घर असे असते की तिन्हीसांजेनंतर त्याच्या जवळून जाताना माणसे आपोआप गप्प होतात. ही जागा का टाळायची, हे आतून जाणणारी पिढी आता थकली आहे, आणि तिच्यामागे उरणार आहेत त्या मोबाईलवर फिरणाऱ्या ‘गोव्यातील भुताटकीच्या जागा’ छापाच्या याद्या. आपल्या गावची अशी एखादी कथा नीट लिहून ठेवावी आणि जमल्यास तिची छाननीही करावी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. भूत असते की नसते, हा वाद मी येथे घेत नाही. कथा कोठून आली, वाटेत तिला काय काय चिकटले आणि ती कशाची राखण करते, एवढे शोधता येते आणि तेवढ्यालाच पुष्कळ दिवस लागतात.

सुरुवात शब्दांपासून करावी, कारण येथेच बहुतेकांची पहिली चूक होते. आपण शहरातून जातो आणि सरसकट ‘भूत’ म्हणतो, पण गावात देवचार वेगळा, चेडो वेगळा, वेताळ वेगळा आणि अपमृत्यू आलेल्याचा भटकणारा जीव वेगळा. देवचार हा सीमेचा रक्षक असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कधी पेटती दिवटी, अशा रूपात तो रात्री फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, असे सांगतात. त्याला रोट (जाड भाकरी), सोरो (दारू) आणि विडी द्यायची असते. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची चाल आहे, कारण रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. बेताळभाटी या गावाच्या नावातच तो बसलेला आहे. मी पहिल्यांदा फोंड्याकडच्या एका गावात वही घेऊन गेलो आणि एका वृद्ध गृहस्थांना थेट विचारले, की तुमच्या बांधावरचे भूत तुम्ही कधी पाहिले का. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘भूत न्हय तें, राखणदार तो.’’ त्यानंतर त्या दिवशी ते त्या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला मी फक्त बांध कधी फुटला होता ते विचारले, आणि त्यांनी दोन तास मला उठू दिले नाही.

म्हणून प्रश्न जागेबद्दल आणि कामाबद्दल विचारावेत, भुताबद्दल विचारू नयेत. येथे शेते कोणाची होती, पाणी कोण सोडायचे, रोट कोणत्या दिवशी आणि कोणाच्या घरचा असतो, तो चुकला तर काय होते, असे विचारले की राखणदार आपणहून बोलण्यात येतो. उत्तर सुचवणारा प्रश्न कटाक्षाने टाळावा. ‘‘ती पांढऱ्या साडीतली बाई होती ना?’’ असे आपण विचारले की पुढच्या महिन्यात त्या वाड्यावर पांढऱ्या साडीतली बाई दिसू लागते. सूचनेचे हे बळ प्रथम स्पष्टपणे मांडणाऱ्यांत आपल्याच कांदोळी गावी 1756 साली जन्मलेल्या आबे फारियांचे नाव घ्यावे लागते. संमोहनात जे घडते ते संमोहन करणाऱ्याच्या अंगातून निघणाऱ्या कसल्या द्रवामुळे घडत नाही, ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडते, असे त्यांनी पॅरिसमध्ये मांडले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. मुलाखती घ्यायला निघण्यापूर्वी तो एकदा पाहून घ्यायला हरकत नाही.

सांगणारा कोकणीत बोलत असेल तर कोकणीतच लिहून घ्यावे आणि मराठी रूप घरी येऊन शेजारी लिहावे, कारण ‘राखणदार’ आणि ‘भूत’ यांतला फरक भाषांतरातच प्रथम नाहीसा होतो. ध्वनिमुद्रण विचारूनच करावे आणि नकार मिळाला तर दुसऱ्यांदा विचारू नये. प्रत्येक कथनापुढे ते तीनपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे न चुकता नोंदवावे: सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिले, पाहणाऱ्याकडून ऐकले, की ‘असे म्हणतात’ म्हणून सांगितले. तिसऱ्या प्रकारची कथा टाकाऊ असते असे नाही, परंतु ती पहिल्या प्रकारात सरकवणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि माझ्या पाहण्यात तो सर्रास होतो. एकाच वाड्यावर निदान तिघांकडून, शक्यतो हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतून, कथा ऐकावी. आपल्याकडे राखणदार धर्म पाहून रक्षण करीत नाही. शिवोलीचा जागोर (रात्री जागून करायचा लोकनाट्याचा उत्सव) नाताळानंतर होतो तेव्हा जागऱ्यो या राखणदार देवासमोर दोन्ही समाजांची माणसे उभी असतात, हे अनेक बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही.

यानंतर सर्वांत कंटाळवाणे पण सर्वांत फलदायी काम येते, ते म्हणजे गावची कथा आणि इंटरनेटची कथा वेगळी करणे. कुएलीच्या टेकडीवरील ‘थ्री किंग्ज’ कपेलचे, म्हणजे लहान चर्चचे, उदाहरण घ्या. तीन पोर्तुगीज राजे या भूमीवरून भांडत होते, त्यांतल्या होल्गर अल्वुंगर नावाच्या राजाने उरलेल्या दोघांना जेवायला बोलावून विष दिले, मग लोकांच्या भीतीने स्वतःही विष घेतले आणि आता तिघांचे आत्मे तेथे वावरतात, अशी कथा शेकडो ठिकाणी जशीच्या तशी उतरवलेली आढळते. ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली आणि 1543 मध्ये बार्देश व साष्टी त्यांच्याकडे गेले. या साऱ्या काळात येथे लिस्बनच्या राजाच्या वतीने गव्हर्नर किंवा व्हाइसरॉय कारभार पाहत होते, एकेका गावापुरता पोर्तुगीज राजा येथे कधी नव्हताच. होल्गर हे नाव तर पोर्तुगीजही नाही, ते उत्तर युरोपातल्या स्कँडिनेव्हियाकडचे आहे. आता कपेलाकडे पाहा. ते रेमेदियुश सायबिणीचे, म्हणजे दुखणी बरी करणाऱ्या मातेचे आहे, आणि ‘तीन राजे’ हे नाव 6 जानेवारीच्या फेस्तावरून आले आहे. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या तीन ज्ञानी राजांचा तो सण असून कांसावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतले तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यांवर बसून टेकडी चढतात. वेरेच्या रेईश मागूश इगर्जेचे (चर्चचे) नावही याच तीन राजांचे आहे. ती इगर्ज 1555 सालची. सण ठाऊक नसलेल्या कोणीतरी नाव ऐकले आणि नावातल्या राजांना मारून भुते केली, असा माझा तर्क आहे. मात्र येथे थांबू नये. इंटरनेटची कथा खोटी ठरली म्हणजे टेकडीवर गावाची स्वतःची कथा नाही, असे सिद्ध होत नाही. ती घोड्यावर बसून गेलेल्या एखाद्या जुन्या ‘राजा’ला विचारावी, तो आता कदाचित साठीत असेल.

जागेचे नाव फोडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. राय गावच्या ‘इगोर्चें बांद’चे नाव भुतांच्या याद्यांत इतक्या गूढपणे घेतले जाते की वाचणाऱ्याला इगोर नावाचा कोणी रशियन जादूगार डोळ्यांपुढे यावा. कोकणी जाणणाऱ्याला त्यात ‘इगर्ज’ ऐकू येते, आणि बांद म्हणजे बांध. इगर्जेमागच्या बांधावरून जाणारा तो रस्ता आहे. तेथे दुपारी दोन ते तीन या वेळेत चालणाऱ्याला झपाटले जाते, असे सांगतात. बांध कशासाठी असतात हे ज्याला माहीत आहे त्याला ही कथा निराळी दिसते. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, नदीचे खारे पाणी भातात शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात आणि त्यांत ‘मानस’ नावाचे दरवाजे असतात. भरतीच्या पाण्याने ते आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. ओहोटीच्या त्या प्रवाहाला जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो आणि ओहोटी काही दिवसउजेडीच येते असे नाही. बांध एका ठिकाणी जरी फुटला तरी खारे पाणी शिरून शेते काही हंगाम नापीक होतात. अशा बांधावर रात्री-अपरात्री किंवा भर दुपारी, जेव्हा शेतात चिटपाखरूही नसते, तेव्हा अनोळखी माणसाने फिरू नये, ही गावाची गरजच होती. देवचाराने ती गरज कोणत्याही पगारी पहारेकऱ्यापेक्षा चांगली भागवली. प्रत्येक कथेमागे असाच हिशेब असतो, असे माझे म्हणणे नाही. काही कथा निव्वळ दुःखातून येतात, विहिरीत पडलेल्या मुलीच्या कथेला कसलाही उपयोग नसतो. तरीही जागेचा उपयोग काय होता, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

कथेत साल, अपघात किंवा मृत्यू असेल तर कागदांकडे वळावे. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे पाहता येतात. पोर्तुगीज वाचणारे कोणी सोबत असेल तर 1900 पासूनचे ‘ओ हेराल्दो’, नसेल तर 1962 पासूनचे मराठी ‘गोमन्तक’ हाताशी आहे. त्याहून जुन्या काळासाठी पणजीचे पुराभिलेखागार, कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) दप्तरे आणि इगर्जेतील मृत्यूच्या नोंदवह्या आहेत. इगर्जेत पाद्री विगाराला, म्हणजे तेथल्या मुख्य पाद्र्याला, भेटून कशासाठी पाहायचे ते आधी सांगावे. भूत शोधतो असे सांगितले तर कपाट उघडणार नाही, आणि उघडू नयेच.

कागद आणि जागा एकमेकांशी कसे जुळवावेत, याचा सर्वोत्तम धडा जुन्या गोव्यातच मिळतो. जॉर्जियाची राणी केतेवान हिला धर्म बदलण्यास नकार दिल्याबद्दल 1624 मध्ये इराणात शिराझ येथे हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला, एवढे ठाऊक होते, आणि पुढची काही शतके त्या अस्थी कोठे आहेत हे कोडेच होते. जुन्या पोर्तुगीज लेखनात त्या संत ऑगस्टीनच्या मठात, सभागृहाच्या एका खिडकीशी दगडी पेटीत ठेवल्याचा उल्लेख होता. परंतु तो मठ 1835 मध्ये ओस पडला, 1842 मध्ये इगर्जेचे छत कोसळले आणि मागे उरला तो मनोऱ्याचा एक उंच तुकडा. म्हणजे खिडकी शोधण्यापूर्वी सभागृह कोणते हे ढिगाऱ्यातून ठरवावे लागले. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या उत्खननात हाडे मिळाली तरी काम संपले नाही, कारण तेथे इतरांचीही हाडे होती. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मोलेक्युलर बायोलॉजी या संस्थेत डीएनए तपासला गेला, तेव्हा एका हाडात भारतात न आढळणारा मातृवंश दिसला आणि सोबतच्या हाडांत भारतात आढळणारे मातृवंश दिसले. 2021 मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला दिला. आपल्या हाती डीएनए येणार नाही हे खरे, पण आधी लेख, मग नकाशा, मग जागा आणि शेवटी आपल्याच निष्कर्षावर शंका, हा क्रम उचलता येतो. त्याच अवशेषांत रात्री घंटा ऐकू येते असे उद्या कोणी सांगितले, तर तेथली मोठी घंटा 1871 पासून पणजीच्या इगर्जेत टांगलेली आहे, एवढे आपल्याला आधी माहीत असावे.

प्रत्यक्ष जागा पाहायला दिवसा जावे. रात्री जायचेच असेल तर गावातला माणूस सोबत घ्यावा आणि भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. बांध पावसाळ्यात निसरडे असतात आणि पडक्या घरांत घोणस भुतापेक्षा जास्त संभवते. ओसाड दिसणाऱ्या घराचा मालक बहुधा लिस्बन, लंडन किंवा मुंबईत जिवंत असतो. फाटक ओलांडणे म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत शिरणे आहे, आणि त्या घराचे नाव ‘झपाटलेले’ म्हणून छापले तर त्याच्या नातवंडांनाही ते भोगावे लागते. म्हणून खाजगी घराची कथा लिहिताना वाडा सांगावा, घर सांगू नये.

जिवंत माणसांच्या बाबतीत याहून कडक नियम पाळावा. पेडण्याच्या पुनवेला, कोजागिरीच्या रात्री, रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे (देवांचे सजवलेले खांब) निघतात, देऊळ मागणाऱ्या भूतनाथाला ते बांधून देण्याचे आश्वासन मिळते, आणि ज्यांना बाधा झाली असे घरच्यांना वाटते त्यांना तेथे आणले जाते. कथा, तरंगे, गर्दी, सारे लिहावे. घुमणाऱ्या बाईचे चित्रण करू नये, तिचे नाव विचारू नये, आणि तिच्या घरच्यांशी बोलणे झालेच तर बांबोळीला मानसोपचार रुग्णालय आहे हेही सांगावे. एक गोष्ट केली म्हणून दुसरी करता येत नाही, असे त्यांना वाटू देऊ नये.

शेवटी लिहिताना गावाने सांगितलेले एका बाजूला, कागदात सापडलेले दुसऱ्या बाजूला आणि आपला तर्क ‘माझा तर्क’ असे म्हणून तिसऱ्या ठिकाणी ठेवावा. पहिली प्रत सांगणाऱ्याला वाचून दाखवावी. फोंड्याकडच्या त्या गृहस्थांना मी माझी पाने वाचून दाखवली तेव्हा त्यांनी बांध फुटल्याचे साल दुरुस्त केले, मानसेच्या दरवाजाला लाकूड कोणते वापरत ते सांगितले, आणि राखणदाराच्या हातात मी कंदील दिला होता तो काढून दिवटी द्यायला लावली.