फाइल समोर दिसते, तरी 'सापडली नाही'? पाथच्या एरर कोडमधल्या या चुका टाळा

हिंजवडीत नोकरीला असताना आम्ही सातबाऱ्याचे स्कॅन साठवणारं सॉफ्टवेअर लिहीत होतो. विंडोजवर सगळं सुरळीत. लिनक्स सर्व्हरवर मात्र मोजक्याच फाइली अडायच्या आणि लॉगमध्ये यायचं, 'फाइल सापडली नाही'. दोन दिवस आम्ही परमिशन तपासत बसलो. शेवटी एसट्रेस (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावलं, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, केव्हाचा एरर कोड 36 सांगत होता: ईनेमटूलाँग, नाव फार लांब.

ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं. 'पुणे' दिसायला दोन अक्षरं. पण प, उकार, ण, मात्रा मिळून 12 बाइट. म्हणजे 85 चिन्हांत खेळ खलास, आणि आमच्या नावांत तर गाव, गट नंबर, खातेदार सगळंच कोंबलेलं! विंडोजचं एनटीएफएसही 255 च मोजतं, पण यूटीएफ-16 च्या हिशेबानं, ज्यात देवनागरीचं चिन्ह एकच धरलं जातं, म्हणून तिथे तीच नावं आरामात बसत होती.

चूक आमच्याच रॅपरची, म्हणजे सिस्टिम कॉलभोवती लिहिलेल्या फंक्शनची. ओपन फसलं की कारण न बघता तो सरसकट ईनोएंट ('फाइल सापडली नाही') परत करायचा.

हे दुरुस्त करताना दुसरी चूक करू नका: कोडमध्ये थेट 36 लिहू नका. मॅकओएसवर याच एररचा आकडा 63 आहे. तिथे 36 चा अर्थ भलताच. नावच वापरा.

अर्थात नावंही सगळीकडे सारखी नसतात. फाइल काढणाऱ्या अनलिंकला डिरेक्टरी दिली तर लिनक्स ईइजडिर ('ही डिरेक्टरी आहे') देतो, मॅकओएस ईपर्म ('परवानगी नाही'). युनिक्ससारख्या सिस्टिमचं प्रमाण असलेलं पॉसिक्सही ईपर्मच सांगतं. पण ईपर्मला इतरही कारणं असतात, म्हणून तो आला की फाइलची माहिती देणाऱ्या एलस्टॅटनं ती डिरेक्टरीच आहे ना, हे बघा. रिकामी नसलेली डिरेक्टरी आरएमडिरनं काढताना ईनॉटएम्प्टी ('रिकामी नाही') किंवा ईएक्झिस्ट ('आधीच आहे'), दोन्ही चालतात, दोन्ही धरा.

विंडोजमध्ये फाइल नसेल तर एरर कोड 2, मधला फोल्डरच नसेल तर 3. सी रनटाइम, म्हणजे सी भाषेची लायब्ररी, दोन्हींचं ईनोएंट करून टाकतं. फरक हवा असेल तर विंडोजचाच कोड घ्या, तोही लगेच.

'लगेच' यासाठी, की कॉल आणि तपासणी यांच्या मध्ये कुणीतरी लॉगची ओळ घुसवतोच आणि तिच्या आतल्या कॉलनं एररनो (शेवटचा एरर कोड जिथे राहतो ते व्हेरिएबल) बदलतो. आधी तो स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग काय छापायचं ते छापा.