पार्टिशन बदलल्यावर संगणक सुरू होत नाही? या चुका टाळा

डिस्कवरचे एखादे पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) काढल्यावर, सरकवल्यावर किंवा लहान-मोठे केल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तरी फाइली बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असतात. तुटलेला असतो तो त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. म्हणूनच लगेच ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायला घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण तेवढ्यासाठी केलेल्या फॉरमॅटमुळे वाचलेला डेटाही हातचा जातो.

आधी पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा टिपून घ्यावा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे दिसले तर फर्मवेअरला (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामला) बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रामच सापडलेला नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले तर ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) पहिला तुकडा चालला आहे, पण उरलेल्या फाइली त्याला सापडत नाहीत. या दोन बिघाडांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करून पाहिल्याने गुंता वाढतो.

ग्रबची अडचण बहुधा क्रमांकांची असते. डिस्कच्या सुरुवातीलाच पार्टिशनांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या एमबीआर पद्धतीत पार्टिशन टेबलला, म्हणजे या नोंदींच्या तक्त्याला, 64 बाइटच मिळतात आणि त्यात चार नोंदी मावतात. त्यापुढची, एका मोठ्या पार्टिशनच्या आत बनवलेली लॉजिकल पार्टिशन्स 5 या क्रमांकापासून सुरू होतात. त्यांतले पाचवे काढले की सहाव्याचे पाचवे होते, आणि ग्रब मात्र सहावेच शोधत राहतो. अशा वेळी रेस्क्यूमध्ये ‘एलएस’ (ls) ही आज्ञा देऊन एकेक पार्टिशन तपासावे, ग्रबचे फोल्डर जिथे दिसेल ते पार्टिशन ‘रूट’ म्हणून आणि त्या फोल्डरचा पत्ता ‘प्रीफिक्स’ म्हणून नोंदवावा, मग ‘नॉर्मल’ मॉड्यूल लोड करून तीच आज्ञा द्यावी. हा उपाय त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे लिनक्स सुरू होताच ग्रब पुन्हा इन्स्टॉल करायला विसरू नये. एमबीआरवर तो पार्टिशनवर नव्हे, संपूर्ण डिस्कवर टाकायचा असतो.

यूईएफआय (नव्या पद्धतीचे फर्मवेअर) असलेल्या संगणकावर चूक निराळी होते. साधारण 100 ते 500 एमबीचे, ड्राइव्ह अक्षर नसलेले फॅट-32 पार्टिशन निरुपयोगी समजून उडवले जाते, आणि बूटलोडर नेमका त्यातच असतो. येथे विंडोजच्या ‘बूटरेक’ या दुरुस्ती साधनाची ‘फिक्सएमबीआर’ आज्ञा उपयोगाची नाही, कारण यूईएफआय एमबीआरमधला कोड चालवतच नाही. विंडोज इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेच सुरू करावा, मोकळ्या झालेल्या जागेत ते पार्टिशन ‘डिस्कपार्ट’ या विंडोजच्या पार्टिशन साधनाने पुन्हा तयार करून त्याला अक्षर द्यावे आणि ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने विंडोजच्या बूट फाइली त्यात उतरवाव्यात. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असल्यास 48 अंकी रिकव्हरी की आधीच शोधून ठेवावी.

लिनक्स सुरू होतो पण मध्येच दीड मिनिट थांबतो, असे झाल्यास सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी असलेली ‘एफएसटॅब’ (/etc/fstab) ही फाइल पाहावी. काढलेल्या किंवा फॉरमॅट केलेल्या स्वॅप पार्टिशनचा (मेमरीला पूरक जागेचा) जुना यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, तिथे राहून गेलेला असतो.

चुकून भलतेच पार्टिशन उडवले असेल, तर त्या जागेवर नवे पार्टिशन मुळीच बनवू नये. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता चालणारी सिस्टिम असलेल्या पेनड्राइव्हवरून) टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशन्स शोधणारे साधन चालवावे, सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइलींची यादी ‘पी’ दाबून डोळ्यांनी पाहावी, महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि त्यानंतरच पार्टिशन टेबल लिहावे.