डेटा टीमची धुरा नव्याने हाती घेताना

नव्या टीम लीडला पहिला मोह होतो तो चकचकीत डॅशबोर्ड बांधायचा. तो आवरा. पहिले दोन आठवडे विक्री, अकाउंट्स आणि ऑपरेशन्सच्या माणसांशेजारी बसा. डॅशबोर्ड असूनही कोण स्वतःची एक्सेल शीट भरतंय ते बघा. तुमच्या आकड्यावरचा विश्वास तिथेच उडालेला असतो.

‘गेल्या महिन्याची विक्री’ एवढा एकच आकडा घ्या. 18 टक्के जीएसटीसकट 118 रुपयांचं बिल असेल, तर विक्री विभाग 118 धरतो आणि अकाउंट्स 100. परत आलेला माल कुणी ऑर्डरच्या महिन्यातून वजा करतं, कुणी परतीच्या. त्यातून डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत साठवली असेल, तर आपल्याकडच्या मध्यरात्री ते पहाटे साडेपाचच्या ऑर्डरी आदल्या दिवसात मोजल्या जातात. 1 एप्रिलच्या पहाटेची विक्री अशीच गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. मग मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने बरोबर असतो आणि खापर फुटतं डेटा टीमवर.

प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याची व्याख्या चार ओळींत लिहून ठेवा: काय धरलं, काय वगळलं, कोणती तारीख घेतली, बदल कोण मंजूर करणार. मंजुरी देणारा माणूस त्या विभागातलाच हवा, आपल्या टीममधला नको. दोन आकडे खरोखरच लागत असतील तर ‘बिलाची विक्री’ आणि ‘निव्वळ विक्री’ अशी वेगळी नावं द्या. ओढूनताणून एक करू नका.

‘या तिमाहीत वीस डॅशबोर्ड’ हे ध्येय कुणाच्याच कामाचं नाही. ‘महिना संपल्यावर तिसऱ्या कामाच्या दिवशी अकाउंट्सने हाताने जुळवणी न करता आपल्या डेटाबेसमधल्या टेबलवरून हिशेब बंद करावा’ असं ठरवलं, की इंजिनिअर, अॅनालिस्ट आणि अकाउंट्स एकाच कामाला लागतात.

पाइपलाइन, म्हणजे डेटा आपोआप आणून टेबलांत भरणारी साखळी, बंद पडली तर सकाळच्या मीटिंगआधी तुम्हीच कळवा: कोणतं टेबल, कधीपासून, कोणते आकडे वापरू नयेत, पुढची खबर किती वाजता. त्याहून घातक म्हणजे जॉब (पाइपलाइनमधलं एक ठरलेलं काम) हिरवा, म्हणजे यशस्वी दिसतो आणि आकडा चुकलेला असतो. सोर्समध्ये, म्हणजे डेटा जिथून येतो त्या मूळ सिस्टिममध्ये कुणी रद्द ऑर्डरचा स्टेटस कोड बदलला, की फिल्टर तो ओळखत नाही आणि रद्द ऑर्डरीही विक्रीत धरल्या जातात. म्हणून ओळींची संख्या, रिकाम्या जागा आणि अपेक्षित कोड यांची तपासणी रोज आपोआप व्हायला हवी.

चूक सापडल्यावर ‘कुणी केलं?’ विचारू नका, ‘कोणती तपासणी नव्हती?’ विचारा. एकदा सगळ्यांसमोर ओरडा खाल्लेला ज्युनिअर पुढच्या वेळी टेबल गुपचूप दुरुस्त करतो, आणि तो बदल तुम्हाला थेट ऑडिटच्या वेळी कळतो.