हॅरी पॉटरच्या छोट्या पुस्तकांवर लिहिताय? या चुका टाळा

आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी येणारी परीक्षणं तपासायचं काम माझ्याकडे आहे. मूळ सात कादंबऱ्यांवर लिहायला मंडळी जरा बिचकतात. त्यांच्यासोबतची छोटी पुस्तकं मात्र नवख्यांना फार सोपी वाटतात. तासाभरात वाचून संपलं, अर्ध्या तासात परीक्षण तयार! मग तेच ते घोळ माझ्या टेबलावर येतात.

पहिला घोळ म्हणजे 'यात कथानकच नाही' ही तक्रार. अहो, असेल कुठून? 'क्विडिच थ्रू द एजेस' हे क्विडिच या झाडूवर उडत खेळायच्या खेळाचा इतिहास सांगणारं, हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक. पहिल्याच कादंबरीत तिथला शिक्षक स्नेप ते हॅरीकडून काढून घेतो, कारण काय तर ग्रंथालयाची पुस्तकं बाहेर न्यायची नाहीत. २००१ मध्ये तेच पुस्तक आपल्या हाती आलं. लेखक म्हणून नाव केनिलवर्दी व्हिस्प यांचं, सोबत पुस्तक नेणाऱ्या मुलांची यादी आणि ग्रंथपाल मॅडम पिन्सची सज्जड तंबी. त्यात कादंबरी शोधणं म्हणजे पंचांग उघडून गोष्ट शोधणं. बघायचं ते हे की सोंग कितपत वठलंय. व्हिस्प महाशय अकराव्या शतकातल्या एका चेटकिणीच्या रोजनिशीवरून खेळाचा उगम सिद्ध करतात, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. गंमत त्या गांभीर्यातच आहे.

आणि एक गोष्ट आपल्याकडचे परीक्षक हमखास सोडून देतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इराण, मंगोलिया इथली जादू मंत्रालयं क्विडिचकडे संशयाने बघतात, कारण त्यांचा उडत्या गालिच्यांचा धंदा तेजीत आहे, असं व्हिस्प लिहितात. सगळा पूर्वेकडचा भाग एका गालिच्यात गुंडाळून मोकळे! यावर हसू आलं की राग, ते लिहा की. इथल्या वाचकाने लिहिण्यासारखं तेच तर आहे.

माझा खरा राग आहे तो आवृत्ती न बघणाऱ्यांवर. मध्यंतरी एका हुशार मुलाने 'फॅन्टॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टु फाइंड देम' या जादुई प्राण्यांच्या कोशावर लिहून पाठवलं. भाषा छान होती. त्यात एक वाक्य होतं, 'समासातली हॅरी आणि त्याचा दोस्त रॉन यांची खरडाखरड वाचून पोट धरून हसलो.' मला शंका आली. मी फोन केला.

"अ‍ॅक्रोमँट्युलाच्या पानाचा फोटो पाठव बरं."

फोटो आला. समास कोरा करकरीत.

"सर, माझ्या पुस्तकात त्या नोंदी नाहीयेत."

"मग हसलास कशाला?"

२००१ च्या पुस्तकात अ‍ॅक्रोमँट्युला या महाकाय कोळ्याला जादू मंत्रालयाने धोक्याच्या पाच फुल्या दिल्यात आणि कोळ्यांना टरकणाऱ्या रॉनने पेनाने आणखी फुल्या ओढल्यात. मुलाकडे होती २०१७ ची आवृत्ती. तीत उत्तर अमेरिकेतले सहा नवे प्राणी आहेत, पुस्तकाचा लेखक म्हणून मिरवणाऱ्या न्यूटची नवी प्रस्तावना आहे, पण पोरांच्या नोंदी साफ गायब. त्याने ते हसू कुठून तरी उचललं होतं. त्याच्या शब्दावर कुणी नवी प्रत विकत घेतली असती, तर तो ती पानं शोधत बसला असता. शिवाय नोंदी गेल्यावर पुस्तक कोरडं पडतं का, हा चांगला मुद्दा त्याच्या हातातच होता आणि तोच निसटला. मी स्वतः आधी प्रकाशनाचं पान वाचतो आणि आवृत्तीचं साल परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात टाकतो.

याच नावाचा २०१६ चा सिनेमा डोक्यात ठेवून लिहू नका. ती न्यूयॉर्कची धावपळ पुस्तकात नाही.

'विक्रीचा पैसा कॉमिक रिलीफ या ब्रिटिश संस्थेच्या मदतकार्याला गेला' हे सांगा जरूर, पण त्यामुळे फसलेला विनोद चांगला ठरत नाही.

'द टेल्स ऑफ बीडल द बार्ड'च्या सात हस्तलिखित प्रतींपैकी एक २००७ मध्ये सदबीजच्या लिलावात साडेएकोणीस लाख पौंडांना गेली. ही बातमी झाली, परीक्षण नव्हे.

त्याच पुस्तकातली तीन भावांची गोष्ट सातव्या कादंबरीत आधीच येऊन गेलीय, म्हणून घाईवाले ती ओलांडून जातात आणि तिच्यामागचं हॉगवर्ट्सचा मुख्याध्यापक डंबलडोरचं टिपणही. पाचही गोष्टींमागे त्याची टिपणं आहेत आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथेच आहे. त्या गोष्टीतल्या एल्डर या अतिशक्तिशाली जादूच्या छडीबद्दल हा गृहस्थ एखाद्या प्राध्यापकासारखा तटस्थपणे लिहितो, आणि लिहिताना ती छडी त्याच्याच खिशात असते! सातवी कादंबरी शेजारी उघडी ठेवून ती पानं पुन्हा वाचा. म्हातारा काय काय लपवतोय ते दिसायला लागतं. हे काम तासाभरात होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आणि हो, पाचपैकी किती तारे हे मला कळवू नका. छापताना मी ते काढूनच टाकतो.