छोट्या कंपनीचं टर्नटेबल घेताय? मग या चुका टाळा

गेल्या तीन-चार वर्षांत "जरा येऊन बघतोस का, नवीन टर्नटेबल नीट वाजत नाहीये" असे जितके फोन आले, त्यातली बहुतेक रेकॉर्ड वाजवायची मशीन धडधाकट होती. चूक मांडणीत होती नाहीतर घाईत, आणि दर वेळी त्याच त्याच चुका, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी हे सांगतो की छोट्या, स्वतंत्र मेकर्सची बेताच्या किमतीची टर्नटेबलं मला मनापासून आवडतात. इंग्लंडमधली रेगा १९७३ साली रेल्फ आणि गँडी या दोघांनी सुरू केली, दोघांच्या आडनावांची इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून नाव झालं. ऑस्ट्रियाची प्रो-जेक्ट १९९१ची, म्हणजे सगळे रेकॉर्डी विकून सीडी घेत होते तेव्हाची. आज या कंपन्या तितक्या छोट्या राहिल्या नाहीत, पण साध्या मॉडेलमागचा विचार तोच आहे: एक फळी, एक मोटर, एक बेल्ट, चांगलं बेअरिंग, चांगला टोनआर्म (सुई धरणारा दांडा), बस. पैसे जिथे कानाला कळतात तिथेच घातलेत. स्पीड मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ वर न्यायचा तर प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची तबकडी, उचलून बेल्ट हाताने मोटरवरच्या पुलीच्या दुसऱ्या खाचेत टाकायचा. यावर लोक म्हणतात, एवढे पैसे देऊन साधं बटण पण नाही? अहो, त्या बटणाचे पैसे बेअरिंगमध्ये गेलेत, आणि दहा वर्षांनी तेच कामाला येणार आहे.

म्हणून पहिली चूक म्हणजे फीचर्स मोजून टर्नटेबल घेणं. सुटकेससारख्या मशीनमध्ये स्पीकर, ब्लूटूथ, सगळं एकत्र मिळतं, पण ज्या डब्यात सुई खाचेतली बारीक थरथर वाचतेय त्याच डब्यात स्पीकर धडधडत असेल तर सुई काय काय वाचणार?

अमेरिकेहून आणलेलं मशीन

ही चूक पुण्यात फार दिसते कारण आपल्याकडे घरातलं कोणी ना कोणी तिकडे असतंच. सदाशिव पेठेतल्या माझ्या एका मित्राला त्याच्या भाच्याने तिकडच्या एका छोट्या मेकरचं टर्नटेबल आणून दिलं. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३० हे मित्राला माहीत होतं, त्याने तपकीर गल्लीतून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, जोडला, प्लॅटर फिरला, सगळे खूश. फक्त त्याच्या आई, ज्या स्वतः गाणं शिकलेल्या आहेत, त्या पहिल्याच दिवशी एका गायिकेची रेकॉर्ड ऐकून म्हणाल्या, "अरे ह्या काळी चारात गातात, इथे पांढरी चार का लागतेय?" (ही पेटीच्या पट्ट्यांची नावं.) आणि विलंबित तर इतकं संथ की सम येता येत नव्हती. मित्राने महिनाभर बेल्ट बदलला, कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) बदलली, कंपनीला रागारागाने मेल लिहिले.

मी गेलो तेव्हा प्लॅटरच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली, मोबाईलवर तीन मिनिटं लावली आणि फेऱ्या मोजल्या. एलपीचा, म्हणजे नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डचा, स्पीड मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, म्हणजे तीन मिनिटांत बरोब्बर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. भरल्या ८३.

कारण असं की त्यात एसी सिंक्रोनस मोटर होती आणि ती व्होल्टवर नाही, हर्ट्झवर (वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्यावर) फिरते. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही, म्हणजे सहा फेऱ्यांच्या जागी पाचच होतात, आणि सूर काळी-पांढरी धरून तीन पट्ट्या खाली उतरतो. काकूंनी अगदी अचूक सांगितलं होतं. मेकरकडे ५० हर्ट्झची पुली मिळाली, जराशी जाड असते, ती बसवून परत मोजलं तर १००. काकूंनी तीच बाजू पुन्हा लावायला सांगितली आणि शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकली.

तेव्हा घेण्याआधी अ‍ॅडॅप्टरचं लेबल वाचा. आउटपुट डीसी असेल तर ही भानगड नाही. एसी असेल तर मेकरला आधी मेल टाका की भारतात चालेल का, पुली वेगळी लागेल का. आणि नवीन मशीन कुठलंही असो, चिठ्ठी लावून १०० मोजा. तीन मिनिटांचं काम आहे, तेवढाही धीर नसेल तर एलपीची एक बाजू कशी ऐकणार?

सुई उडते म्हणून नाणं ठेवणं

हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. ऑर्टोफोन कंपनीची टू-एम रेड ही कार्ट्रिज १.८ ग्रॅम वजनावर चालायला बनवलीय, त्यावर तीन-चार ग्रॅमचं रुपयाचं नाणं ठेवलं तर वजन दुपटीच्या वर गेलं, आणि ते सगळं त्या टोकाएवढ्या सुईतून रेकॉर्डवर. उलटी चूक पण तेवढीच वाईट, रेकॉर्ड झिजू नये म्हणून वजन मुद्दाम कमी ठेवणं. हलकी सुई खाचेत आपटत राहते आणि जास्त नुकसान करते.

माझी सवय सांगतो. आधी मशीन लेव्हलमध्ये आहे का बघतो. मग सुईचं टोपण काढून (त्याचंही वजन धरलं जातं, हे लोक विसरतात) टोनआर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवतो, तिथे डायल शून्यावर, मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलंय तितकं वजन, तितकाच अँटीस्केट (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ). शेवटी छोट्या डिजिटल काट्यावर खात्री, कारण स्वस्त टोनआर्मच्या डायलवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही. एवढं करूनही उडत असेल तर सुईवरचा कचरा बघा, नाहीतर जमीन बघा. वाड्यातल्या लाकडी जमिनीवर पाऊल टाकलं तरी सुई उडते, तिथे भिंतीला ब्रॅकेट ठोकून फळी लावणे हाच उपाय.

बाकी पटापट. आवाज एकदम बारीक येत असेल तर फोनो प्रीअ‍ॅम्प (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा) नाहीये, थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या ऑक्स इनपुटमध्ये लावलंय. आवाज फाटत असेल तर प्रीअ‍ॅम्प दोनदा लागलाय, मशीनमधला आणि अ‍ॅम्प्लिफायरमधला, एक बंद करा. घूंऽऽ असा हम आला की अर्थिंगची बारीक वायर सुटलीय का बघा. बेल्टला तेलकट बोटं लावू नका.

जुन्या बाजारातून किंवा आजोबांच्या कपाटातून ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी मिळाल्या तर त्या एलपीच्या सुईने वाजवू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते. आणि त्या सॅनिटायझर किंवा स्पिरिटने तर चुकूनही पुसू नका. ७८ लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्यासमोर एकाने नाट्यसंगीताची रेकॉर्ड अशी चकाचक करायला घेतली होती, कापूस काळा झाला आणि खाचा गेल्या, ती परत मिळालेली नाही.