एमबीबीएसला झोपेची घडी कशी बसवावी

कळवा, नेरूळ किंवा कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्यांची झोप बहुधा दोनदा विस्कटते: परीक्षेच्या तोंडावर आणि नाइट ड्युटीनंतर. 'आजपासून अकराला झोपायचं' हा संकल्प फारसा टिकत नाही, कारण झोप ठरवून येत नाही. उठणं मात्र ठरवता येतं, म्हणून सुरुवात गजरापासून करा.

आधी आठवडाभर नोंद. सवयी बदलू नका. रोज सकाळी अंदाजाने दोनच आकडे लिहा: अंथरुणात किती तास, त्यात झोप किती तास. झोपेच्या तासांना अंथरुणातल्या तासांनी भागून 100 ने गुणा. 85 च्या वर आलं तर ठीक. बाराला आडवे होऊन सातला उठलात आणि झोप पाचच तास लागली, तर उत्तर 71. म्हणजे दोन तास पलंगावर रील्समध्ये किंवा छताकडे बघण्यात गेले.

उठण्याची वेळ पक्की करा. ठाण्याहून नेरूळला आठच्या लेक्चरला पोचायचं तर जेव्हा उठावं लागतं, तीच वेळ रविवारीही. फार तर तासाभराची सूट. रविवारी बारापर्यंत लोळलात तर त्या रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवारचा राउंड जांभया देत जातो. उठल्यावर वीसेक मिनिटं बाहेरच्या उजेडात काढा. पावसाळी ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

संध्याकाळची लोकल सांभाळा. ट्रान्स-हार्बरला खिडकी मिळाली की मान टाकायची सवय अनेकांना असते. दिवसभर साठलेली झोपेची ओढ या डुलकीत खर्च होते. डुलकी हवीच तर दुपारी तीनच्या आत, 20 मिनिटं. चहा-कॉफीलाही तीनचीच मर्यादा: कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात, त्यामुळे सातच्या कॉफीचा अर्धा अंमल मध्यरात्रीही उरतो.

पलंगावर पुस्तक नको. हॉस्टेलवर हे अवघड आहे, मान्य. निदान बसण्याची आणि झोपण्याची बाजू वेगळी ठेवा आणि मोबाइल हाताला लागणार नाही अशा प्लगला लावा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत या. रूममेट दिवा लावून वाचत असेल तर भांडणापेक्षा डोळ्यांवरची पट्टी स्वस्त पडते.

नाइट पोस्टिंग. दुपारी दीड तास झोपून जा. कॉफी ड्युटीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या. पहाटे तीन ते पाच सावधपणा सर्वांत खालावतो. त्या वेळी डोसचा हिशोब दुसऱ्याकडून तपासून घ्या. सिनियरने सोडलं तर 20 मिनिटं पडा. ड्युटी संपल्यावर ठाणे-बेलापूर रस्त्यावर स्कूटर काढू नका. क्षणभराची पेंगही जिवावर बेतते. लोकलने किंवा बसने जा, उन्हात गॉगल लावा. एकच रात्र असेल तर तीन-चार तास झोपून दुपारी उठा, म्हणजे रात्री वेळेवर झोप येते. सलग रात्री असतील तर मात्र पडदे ओढून दिवसा पोटभर झोपा.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण सहसा तोट्याचंच, कारण वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं.

गोळ्या. फार्माकोलॉजी शिकल्यावर अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) स्वतःच घेण्याचा मोह होतो. सवय लागते, म्हणून नकोच. झोपेसाठी सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळीही घेऊ नका. सकाळचं डोकं जड राहतं. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांपर्यंत झोप बिघडलेली राहिली, किंवा घोरताना श्वास अडकतो असं रूममेट सांगत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत संकोच वाटला तर दुसऱ्या रुग्णालयात जा.